थांबणारं मशीन

पायातली जोडवी काळी पडली की समजावं, हंगाम सुरू झाला. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी चालू झाली की चांदी काळी होतेच. चिंचेने घासली तर थोडी उजळते, लगेच पुन्हा काळी. यंदा मी घासायचं सोडून दिलं आहे.

आमचं गाव तासगावच्या पलीकडे, माळावर. पाऊस कमी, वारं भरपूर, म्हणून इथे बेदाणा होतो. द्राक्षाचे घड आणायचे, पावडर आणि तेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे, जाळीच्या रॅकवर पसरायचे आणि वाऱ्यावर सोडून द्यायचे. पुढचं वारा करतो. माल वाळला की रॅकला प्लॅस्टिक गुंडाळून आत गंधक जाळतात. त्याने बेदाण्याला पिवळा रंग येतो आणि माणसाला खोकला. माझं माहेर साताऱ्याकडचं, उसाचं. तिथे हंगामाला गुळाचा वास असतो. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं, ह्या गंधकाची काही सवय होणार नाही. झाली. कशाचीही होते.

द्राक्षं बुडवायच्या त्या पाण्याने हाताची सालं निघतात. बोटांची टोकं बधिर होतात, तव्यावरची भाकरी हाताने उलटली तरी चटका कळत नाही. शेडवरच्या बायका म्हणतात, "काकू, तुमचा हात न्हाई, उलथनं हाय." हंगाम संपला की हळूहळू बोटांना परत कळायला लागतं. मागच्या हंगामानंतर माझ्या बोटांना कळायला लागलं नाही. किंवा लागलंही असेल, मी बघितलं नाही. मागचा हंगाम वेगळा गेला.

आमचे मालक लष्करात होते, तारा आणि वायरलेसच्या कामावर. गाव त्यांना हवालदार म्हणतं, दुसऱ्याशी बोलताना मीही तेच म्हणते. पेन्शनीला आले तेव्हा बरोबरच्यांनी म्हशी घेतल्या, कुणी बोअर मारली. ह्यांनी जबलपूरहून रेल्वेत घोंगड्यात गुंडाळून एक ॲम्प्लिफायर आणला, एक टेप आणला आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर आणले. सोप्यात ते मांडले तेव्हा चुलतसासरे बघायला आले. म्हणाले, "हवालदार, ह्या कपाटास्नी दारं कुठं हायत रं?"

त्या दिवसापासून एक रीत पडली. संध्याकाळी हात-पाय धुऊन हे खुर्चीत बसायचे आणि कॅसेटची एक बाजू लावायचे. एकच बाजू, रोज तीच. गाणी त्यांनी स्वतः भरून घेतलेली, अभंग, भावगीतं, जुन्या सिनेमातली, त्यांच्या मनाने लावलेल्या क्रमाने. बाजू संपली की टेपचं बटण आपोआप वर उडायचं. टक्. मग हे उठायचे, ॲम्प्लिफायर बंद करायचे, मोरीत हात धुवायचे आणि पाटावर येऊन बसायचे. तवर ताट तयार पाहिजे. मला हाक मारावी लागायची नाही आणि त्यांना काही विचारावं लागायचं नाही.

मी कधी बसून ऐकलं नाही. एकदा म्हणाले होते, "अगं, एक दिस तरी बस की हितं."

"आनि भाकरी कोन थापंल? त्यो गाणारा?"

लय हसले होते. पुन्हा विचारलं नाही.

पण चुलीपाशी ऐकू यायचंच. पहिल्या गाण्याला पीठ चाळायचं. बासरी वाजते त्या गाण्याला आधण ठेवायचं. बाईचं संथ गाणं लागलं की परात पुढे घ्यायची. शेवटच्या आधीच्या गाण्याला पहिली भाकरी तव्यावर पडली पाहिजे, म्हणजे टक् होईपर्यंत ताट होतं. घरात घड्याळ होतं, पण स्वयंपाकाला ते कधी लागलं नाही.

मग हवालदार विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग मळ्याची वाट, मग भूक. भूकसुद्धा विसरता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट रिकामं आहे हे त्यांना कळत नाही, तुम्हीच वेळेवर खाऊ घाला. सांगणं सोपं. ताट घेऊन समोर गेलं की हे ताट हाताने बाजूला सारायचे. म्हणायचे, "मी ड्युटीवर हाय." घास तोंडाजवळ नेला तर ओठ गच्च मिटायचे. पण टेपची बाजू संपली, टक् झालं, की उठून मोरीत जायचे, हात धुवायचे, पाटावर बसायचे आणि दोन भाकरी खायचे. आम्ही सकाळीही टेप लावायला लागलो. गावातल्या बायका मला म्हणायच्या, "तुमीच जगवलं त्यास्नी." मी नव्हतं जगवलं. टेपने जगवलं होतं.

मागच्या हंगामात सगळं घर शेडवर मुक्कामाला होतं. मुलगा सुभाष, सून वैशाली, मजूर बायका. ह्यांना एकट्याला घरी ठेवता येईना, म्हणून त्यांना नेलं, आणि त्यांच्याबरोबर टेप, ॲम्प्लिफायर, स्पीकर ट्रॅक्टरात घालून शेडजवळच्या खोलीत नेऊन मांडले. खोलीच्या भिंतीला लागून धुरीचे रॅक. माझी जोडवी दर वर्षी डोळ्यांसमोर काळी पडतात. वैशालीची पैंजणं ती हंगामात डब्यात घालून ठेवते. चांदी काळी पडते हे घरात सगळ्यांना ठाऊक. टेपच्या पोटातही तांबं-चांदी असते, ती काळी पडेल, हे एकालाही सुचलं नाही. दुसऱ्या कुणाकडून अशी चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुणी टेपला गंधकाची धुरी दिली नसती.

आधी एका बाजूचा स्पीकर गेला. मग गाणी जड झाली, आजारी माणसाने बोलावं तशी. एका संध्याकाळी बाईच्या गाण्यात मधेच टेप घरघरला आणि उभा राहिला. बटण वर उडालं नाही. टक् झालं नाही. हे खुर्चीत बसून राहिले. मी ताट वाढून बसले. आमटीवर साय धरली तरी हे बसूनच होते.

सुभाषने लगोलग मोबाईलवरून मागवून एक बोलका डबा आणला. तांब्याएवढा. म्हणाला, "आई, आता टेपचे दिस गेले. ह्याला नुसतं तोंडानं सांगायचं, जगातलं कुठलंबी गाणं लावतंय."

लावलं. गाणं चांगलं लागलं. ते संपलं तर दुसरं लागलं, ते संपलं तर तिसरं. मी भाकरी करून बसले, गाणी चालूच. मी म्हटलं, "हे संपतं कवा?"

"संपत न्हाई आई. तीच तर गंमत हाय."

त्याला गंमत वाटली ती वाटू दे. हे गाणी ऐकत बसले, ताट समोर गार झालं. शेवटी सुभाषने डब्याला थांबायला सांगितलं. डबा थांबला आणि आतून एक बाई काहीतरी गोड बोलली. हे दचकले. "कोन बाई हाय ती? तिला आत कुनी कोंडलंय?" मग उठले ते मोरीकडे गेलेच नाहीत, भिंतीकडे गेले. गाणं मधेच तुटलं होतं ना. "लाईन कट झाली," म्हणाले, आणि वायरी ओढून बघायला लागले. जन्मभर तेच केलेलं. लाईन तुटलेली असताना हवालदार जेवत नसतात.

तो आठवडा असाच गेला. सकाळी दूध पाजायचं, ते अर्धं अंगावर. दुपारी मूठभर बेदाणे चालता चालता तोंडात टाकायचे, तेवढे चघळायचे. एवढ्या बेदाण्याच्या राशीत घरचा माणूस उपाशी. सुभाषने त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. पाडताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी रॅकखालचा माल गोळा करत होते, मीही बघितलं नाही. रडू आलं का, असं नंतर बहिणीने साताऱ्याहून फोनवर विचारलं. आलं नाही. तिला ते पटलं नाही.

सुभाष म्हणाला, "सगळं जुनं भंगारात घालू, नवा सेट आणू." मी म्हटलं, आधी विचारून येते. टेप आणि ॲम्प्लिफायर बेदाण्याच्या पेट्यांत घातले आणि वैशालीला घेऊन सांगलीला गेले. तिथे गाण्याची यंत्रं विकायचं आणि दुरुस्तीचं एक दुकान आहे. मालकाची मुलगीच चालवते. रेश्मा तिचं नाव, जीन घातलेली, हातात स्क्रूड्रायव्हर. तिने टेप उघडला आणि आत बघतच राहिली.

"आजी, हा कुठं ठेवला होता? आतून पार तवा झालाय."

"शेडवर. बेदाण्याच्या."

"धुरी?"

"व्हय."

ॲम्प्लिफायर पुसून, घासून तिने चालू करून दाखवला, दोन्ही बाजू बोलल्या. टेपचं सामान आता मिळत नाही, म्हणाली. पण ह्याच ॲम्प्लिफायरला इंटरनेटवरून गाणं घेणारं मशीन जोडता येतं, स्पीकर तेच राहतात. मग तिने नेहमीचं विचारलं. "आजोबांना आवाज कसा लागतो? जाड की मोकळा?"

"आवाज कसाबी चालंल. ते थांबतं का, ते सांग."

ती हसली. वैशालीने तिला टेपचं आणि जेवणाचं सगळं सांगितलं, तशी हसायची थांबली. गिऱ्हाईक येतं ते यात किती गाणी मिळतात हे विचारतं, थांबतं का हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणाली. खुर्ची पुढे ओढून समोर बसली.

तिने तीन मशीनं काढली. पहिलं काड्यापेटीएवढं, ते मोबाईलमधून गाणं घ्यायचं. वैशालीच्या मोबाईलला जोडून दाखवत होती तेवढ्यात वैशालीच्या आईचा फोन आला आणि दुकानातल्या मोठ्या स्पीकरमधून घंटा अशी वाजली की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला. मी म्हटलं, "तुझी आई सगळ्या सांगलीला ऐकू आली. हे नगं."

दुसरं देखणं. समोर काच, काचेत गाणाऱ्याचा फोटो. आवाज तर असा की गाणारा दुकानात उभा आहे. वैशालीचे डोळे त्यावरच. मी म्हटलं, शेवटचं गाणं लाव आणि संपू दे. संपलं. मशीनने जरा दम घेतला आणि स्वतःच त्याच जातीचं दुसरं गाणं लावलं. रेश्मा म्हणाली, ते बंद करता येतं. तिने बंद करून दाखवलं. मग खरं बोलली. "पण आजी, कंपनीनं काही बदल पाठवला की कधी कधी परत आपोआप चालू होतं."

तिसरं साधं. काळी पत्र्याची डबी, काच नाही, फोटो नाही. घरच्या वाय-फायवरून गाणं घ्यायचं, आपण लावून दिलेली गाणी ओळीने वाजवायची आणि संपली की गप्प. रेश्मा म्हणाली, "हे तेवढं हुशार नाही."

"मला बिनहुशारच पायजे."

सौद्यात बेदाण्याची पेटी उघडली की वरचा माल बघून कुणी भुलत नाही. वर सगळेच चांगला लावतात. तळाला हात घालून मूठ वर काढायची, मग बोलायचं. मीही तेच केलं. म्हटलं, चार-पाच गाणी लाव, मी शेवटपर्यंत बसते. पिशवी मांडीवर घेऊन बसले. वैशाली कंटाळून बाहेर चहा प्यायला गेली. जन्मात पहिल्यांदा मी खुर्चीत बसून, हाताला काही काम नसताना, गाणं ऐकलं. गाणी चांगली असतील. मला काही वाटलं नाही. माझं लक्ष शेवटाकडे होतं. शेवटचं गाणं संपलं, तशी दुकानात बाहेरच्या रिक्षांचा आवाज यायला लागला. मी तशीच बसून राहिले. डबी गप्पच राहिली. रेश्माला म्हटलं, "बांध."

निघताना तिने हात जोडून सांगितलं, "आजी, हे तेवढं शेडवर नेऊ नका."

घरी सोप्यात पहिल्यासारखं मांडलं. हवालदारांना शेडवरून घरी आणलं आणि त्यांच्याबरोबर मीही घरी राहिले. वैशाली मोबाईल घेऊन गाणी शोधायला बसली. जुन्या कॅसेटीवरची अक्षरं धुराने उडाली होती. क्रम कुणाला माहीत? मी चुलीपाशी उभी राहून सांगत गेले. हे पिठाचं. हे आधणाचं. मग ते बासरीचं, न्हाई, ते आधी, हे मागनं. ती गुणगुणून बघायची, मी व्हय-न्हाई म्हणायचे.

"आई, तुम्हाला सगळी गाणी पाठ आहेत!"

"गाणी न्हाई पाठ. भाकऱ्या पाठ हायत."

एक सोडून सगळी सापडली. जे सापडलं नाही ते दुसऱ्या गळ्यातलं घातलं. संध्याकाळी लावलं. हे खुर्चीत बसले. त्या दुसऱ्या गळ्यातल्या गाण्याला जरा मान वर केली. "ऑपरेटर बदलला," म्हणाले. तेवढंच. मी पीठ मळत होते आणि हात ओळीने आपोआप चालले होते. शेवटच्या आधीच्या गाण्याला पहिली भाकरी तव्यावर पडली. शेडवरून सुभाष मुद्दाम आला होता, दारात उभा होता.

शेवटचं गाणं संपलं. सोपा शांत झाला. मशीन शब्दाला जागलं.

हे बसून राहिले.

सुभाष हळूच म्हणाला, "आई, थांबलं की गं."

मला दिसत होतं. हे समोर बघत होते, हात गुडघ्यावर. कशाची तरी वाट बघत होते आणि कशाची ते त्यांना सांगता येत नव्हतं. वैशालीचा हात तोंडावर गेला. ती म्हणाली, "आता काय करायचं?" तव्यावर भाकरी होती. मला त्या भाकरीचा राग आला, एवढं आठवतं. मी उठले. पिठाच्या हातानेच सोप्यात गेले आणि ॲम्प्लिफायरचं मोठं बटण दाबलं. जुन्या वस्तूंची बटणं जड असतात.

टक्.

हे उठले. सदरा खाली ओढला. मोरीत गेले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि पाटावर येऊन बसले.

"काय हाय?"

"आमटी-भाकरी."

"वाढ की मग."

सुभाष बाहेर अंगणात गेला. वैशाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली होती, ती मी माझ्या ताटात घेतली. ह्यांनी दोन खाल्ल्या. ॲम्प्लिफायर भंगारात घातला असता तर काय झालं असतं, हा विचार सुभाष अजून बोलून दाखवतो. मी करत नाही. घातला नाही, संपलं.

संपण्याचं मला तेव्हापासून जरा जास्त दिसायला लागलं आहे. हल्लीच्या कुठल्याच वस्तूला शेवट ठेवत नाहीत. टीव्ही संपत नाही, मोबाईल संपत नाही, लोक जेवतानाही एका डोळ्याने बघतच असतात. देणाऱ्याला वाटतं, आपण जास्त दिलं. पण माणूस उठतो तो कशाच्या तरी शेवटालाच उठतो. बागेतली तोड संपते, हंगाम संपतो, म्हणून तर आपण कंबर सरळ करतो. हे मला आधी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पावसाळाभर ते टक् चाललं. दिवाळीच्या सुमारास एकदा मी बटण दाबलं आणि हे उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पायातलं बळ गेलं होतं आणि टक्चा अर्थही गेला असावा. आता कॉटवरच असतात. गाण्याच्या आधीच मी त्यांना पातळ पेज चमच्याने भरवते. ओठ मिटत नाहीत आता. कसलाच विरोध नाही. ते सोपं झालं आहे, आणि ते सोपं झालेलं मला आवडत नाही.

यंदाचा हंगाम लागला आहे. शेडकडून वारं आलं की गंधकाचा वास घरापर्यंत येतो. सोप्याचं दार मी लावून घेते, मशीनसाठी. संध्याकाळी गाणी लागतात, त्याच ओळीने. वैशाली एकदा म्हणाली, "आई, ते ऐकत असतील असं वाटत नाही. आता थांबणारं कशाला? रात्रभर बारीक आवाजात चालू ठेवू या."

"नगं. संपू दे."

तिने पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या आधीच्या गाण्याला मी भाकरी टाकते. एकच. गाणी संपतात, मी जाऊन बटण दाबते. त्या बटणाच्या खाचेत पीठ बसलं आहे, पुसलं तरी निघत नाही. टक् झालं की दिवसभर खाल्लं नाही हे आठवतं. मी मोरीत जाते, हात धुते, ताट घेऊन कॉटजवळ बसते आणि जेवते.

वैशाली सांगते की टक् झालं की त्यांचा उजवा हात चादरीवर जरा पुढे सरकतो. ताटाकडे जायचा तेवढा. मी बघितलेलं नाही. तेव्हा मी मोरीत असते, मला भूक लागलेली असते.